दोन मिलिमीटरचा फरक

बल्गेरियाला कशाला गेलीस, तिथे काय आहे, हे मला ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, लग्नकार्यात सगळीकडे विचारून झालंय आणि दरवेळी मी "फिरायला" एवढंच सांगते, कारण खरं कारण सांगायचं तर आधी पीजे सांगावी लागते.

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. जळगाव जिल्ह्यातल्यांना हे सांगायची गरज नाही. 56 किलोमीटरची नॅरोगेज, मध्ये वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. आमचं घर शेंदुर्णीला आणि अप्पांची शाळा जामनेरला, त्यामुळे अप्पांची सगळी नोकरी या गाडीत गेली, पोरांच्या वह्या तपासायच्या त्या पण गाडीतच, आणि मला सोबत नेलं की खिडकीची जागा माझी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गाडी थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होणार आहे, व्हायलाच पाहिजे, लोकांची सोय होईल, पण अप्पा अजून संध्याकाळी पाय मोकळे करायला स्टेशनच्या बाजूलाच जातात.

तर एका रात्री नॅरोगेजचे व्हिडिओ बघत बसले होते, तेव्हा कळलं की बल्गेरियात सेप्तेमव्री ते दोब्रिनिश्ते अशी 125 किलोमीटरची लाईन आहे आणि ती हौशी टुरिस्टांसाठी वगैरे नाही, रोजची पॅसेंजर आहे. रुळांमधलं अंतर 760 मिलिमीटर. पीजेचं 762. ते वाचलं आणि मी रजा टाकायचं ठरवलं.

2024 चा सप्टेंबर होता. सोफियात दोन दिवस राहिले, रीलाचा मठ बघून आले, सुंदर आहे, फोटो कुठेही मिळतील. तिसऱ्या दिवशी सकाळी मेन लाईनच्या गाडीने सेप्तेमव्रीला उतरले. गावाचं नावच सप्टेंबर, 1923 च्या सप्टेंबरात तिकडे उठाव झाला होता त्यावरून ठेवलेलं. एका बाजूला मोठे रूळ, वर विजेच्या तारा, आणि दुसऱ्या बाजूला ती उभी. डिझेल इंजिन, मागे छोटे डबे. मी बॅग तशीच प्लॅटफॉर्मवर सोडली आणि आधी जाऊन रूळ बघितले. पीजेचे रूळ मी लहानपणी पावलांनी मोजायचे, टाचेला अंगठा लावून. इथे लोक बघत होते म्हणून नुसती उभी राहिले, पण नजरेला समजतंच ना.

तिकीट दहा लेव्हाच्या आत, म्हणजे आपले पाचशे रुपयेसुद्धा नाहीत (तेव्हा लेव्हा होते, 1 जानेवारी 2026 पासून तिकडे युरो आलाय). अंतर 125 किलोमीटर आणि वेळ पाच तास. ज्याला घाई आहे त्याने बसने जावं, सरळ सांगते. सीट काही फार आरामाची नाही, पण खिडक्या उघडतात, आणि मला एसी डब्यातल्या बंद काचेपेक्षा उघडी खिडकी कधीही चालेल.

स्टेशन सुटलं की थोड्याच वेळात चेपिन्स्का नदीची घळ लागते, एका बाजूला पाणी, एका बाजूला खडक, बोगदे, आणि गाडी इतकी वळत जाते की पुढचं इंजिन खिडकीतून दिसतं. 1921 ला हे काम सुरू केलं आणि दोब्रिनिश्तेपर्यंत पोचायला 1945 उजाडलं. नॅरोगेज घेतलं ते डोंगरामुळे, मोठ्या गाडीला एवढी आवळ वळणं जमत नाहीत. वेलिंग्रादला, म्हणजे ते गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथे डबा भरला. बाजार करून परत निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, एक माणूस मोटारीचं टायर घेऊन. हे सगळं बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण मनात धाकधूक होती की गाडीत आपल्यासारखे कॅमेरेवालेच असतील.

माझ्या समोर एक आजी येऊन बसल्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, सोबत लाल मिरच्यांचं पोतं, आपल्या तिखटाच्या नाही, त्या लांब गोडसर असतात त्या. सप्टेंबरात तिकडे घरोघरी मिरच्या भाजायचं काम चालू असतं, वर्षभराची बेगमी, गल्लीगल्लीत तो वास येतो. आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला बल्गेरियन चार शब्द. पण गाडी अव्रामोवोकडे चढायला लागली तशी त्यांनी माझा हात धरला आणि खाली बोट दाखवलं. खाली झाडीत रूळ दिसत होते. मग त्यांनी बोट गोल फिरवून वर आणलं. आपण आत्ता तिथे होतो, असं सांगत होत्या. तिकडे गाडी डोंगराला वेढे घालत वर चढते, खालचा रूळ तुमचाच असतो, दहा मिनिटांपूर्वीचा. आजींनी हे आयुष्यात कितीदा बघितलं असेल, तरी मला दाखवताना त्यांचा चेहरा असा होता की घरातली चांगली वस्तू पाहुण्याला दाखवतायत. "तेस्नोलिनेयका," त्या म्हणाल्या. म्हणजे नॅरोगेज. हा शब्द मला येत होता, पाठ करून गेले होते.

मग मी फोन काढला आणि त्यांना पीजेचा फोटो दाखवला. शेंदुर्णी स्टेशनचा, 2017 मधला, दारात लटकलेली पोरं, खाली अप्पा पिशवी घेऊन उभे. मी म्हटलं, "इंडिया. तेस्नोलिनेयका." आजींनी चष्मा लावून फोटो मोठा करायला लावला, एकेक माणूस बघितला, अप्पांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, मी "माझे वडील" मराठीतच म्हणाले. त्यांना ते समजलं. मग त्यांनी हाताने चाकं फिरवून दाखवली आणि भुवया वर केल्या. चालते का अजून?

मी मान आडवी हलवली. नाही.

आणि आजींचा चेहरा फुलला. "दोब्रे, दोब्रे," म्हणत त्यांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं. छान, छान. मला एक क्षण काही समजेना, आणि मग लक्षात आलं. बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो. उभी मान म्हणजे नाही. हे मी वाचलेलं होतं, दोन दिवस सोफियात सांभाळून वागले पण होते, पण पीजेचं विचारल्यावर जी मान हलली ती माझी शेंदुर्णीचीच हलली.

सांगता आलं असतं. "ने" म्हणजे नाही, एवढं तर मला येत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या परत फोटोकडे बघत होत्या, काहीतरी मोजत होत्या, बहुतेक डबे, आणि मला तो शब्द उच्चारता आला नाही. त्या एका डोक्यात तरी पीजे चालू होती. मी फोन त्यांच्याच हातात राहू दिला.

अव्रामोवो आलं, 1267 मीटर, बाल्कनमधलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. दगडी छोटी इमारत, गवत, थंडगार हवा, आणि गाडी थांबल्यावरची जी शांतता होती ती मी कुठल्याच हिल स्टेशनला ऐकली नाही. तिथून उतार. याकोरुदाला आजी उठल्या, गार्डने येऊन मिरच्यांचं पोतं खाली उतरवून दिलं, सांगावं लागलं नाही. प्लॅटफॉर्मवर एक सहासात वर्षांची पोरगी "बाबो! बाबो!" ओरडत धावत आली आणि मी तिचा बाप कुठे दिसतो म्हणून बघायला लागले, तर ती आजींनाच बिलगली. तिकडे आजीला बाबा म्हणतात, हाक मारताना बाबो. आजींनी तिला खिडकीत मला दाखवलं, काहीतरी सांगितलं, त्यात "इंडिया" आणि "तेस्नोलिनेयका" मला ऐकू आलं. पोरीने हात हलवला. गाडी सुटली.

म्हणजे ही गोष्ट आता त्या पोरीलाही माहीत आहे.

बान्स्कोला दोन रात्री काढल्या, स्कीइंगचं गाव आहे, सप्टेंबरात रिकामं असतं. एकच सांगते, तिथे क्योपोलु खाल्लं. वांगी आणि लाल मिरच्या भाजून, लसूण घालून घोटलेलं. खानदेशच्या माणसाला भरीत कुणी शिकवू नये पण हे खरंच चांगलं होतं, फक्त हिरवी मिरची आणि कांद्याची पात पाहिजे होती. परत येताना त्याच गाडीने आले, याकोरुदाला दारात उभी राहिले, आजी नव्हत्या.

प्लोव्हदिव्हहून रात्री इस्तंबूलची गाडी पकडली. तिकीट ऑनलाइन मिळालं नाही, सोफियाच्या स्टेशनवर पहिल्याच दिवशी काढून ठेवलं होतं ते बरं झालं. टर्किश स्लीपर, दोन बर्थची खोली, त्यात चक्क छोटा फ्रीज, पाणी, ज्यूस, बिस्किटं ठेवलेली. इतकी छान झोप लागली होती आणि मग बॉर्डर. आधी स्विलेनग्रादला बल्गेरियावाले डब्यात येऊन पासपोर्ट घेऊन जातात, आणि मग मध्यरात्रीनंतर तुर्कीच्या बाजूला कापिकुलेला सगळ्यांनी खाली उतरायचं, बॅगांसकट, पासपोर्टची रांग, मग बॅगा मशीनमधून, लहान पोरं रडतायत, म्हातारी माणसं कुडकुडत उभी. मला हे अजिबात पटलं नाही, झोपलेल्या माणसाला असं उठवू नये, डब्यात येऊन तपासा ना. युरोपच्या शेंगेन व्हिसावर काढलेल्या तुर्कीच्या ई-व्हिसाची प्रिंट हातात धरून मी दीडेक तास त्या थंडीत होते.

सकाळी इस्तंबूलचं हल्काली स्टेशन, तिथून मार्माराय म्हणजे तिथल्या लोकलने सिर्केजी. तिथलं जुनं स्टेशन 1890 चं आहे. बाकावर बसले, चहा घेतला आणि अप्पांना रेकॉर्डिंग पाठवलं, अव्रामोवोच्या चढावरचं, चार मिनिटांचं, नुसता आवाज. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. डबे किती, इंजिन कुठलं, गर्दी असते का, तिकीट केवढ्याला, सगळं विचारलं. म्हणाले, वळणावर चाक घासतं तो आवाज पहूरच्या अलीकडे यायचा तसाच आहे. मग मी त्यांना आजींचं सांगितलं, मान हलवली ते पण.

अप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे त्यांना वाटतंय अजून चालू आहे."

"हो."

"असू दे," अप्पा म्हणाले.