शनिवारची मॅटिनी

शनिवार, रात्री साडेनऊ

उन्हाळ्यात शनिवारी पावणेसहा वाजले की फोन टेबलावर ठेवायचा, छोटा स्पीकर जोडायचा आणि पंखा दोनवर आणायचा, हे आता आमच्या घरात ठरूनच गेलंय. (थंडीत पावणेसात, त्यांची घड्याळं बदलतात म्हणून.) तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमला दुपारचे सव्वादोन झालेले असतात आणि तिथल्या कॉन्सर्टखेबाऊ हॉलमधून मॅटिनी, म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा दुपारचा कार्यक्रम, रेडिओवर लाइव्ह लागते. १९६१ पासून चालू आहे म्हणे ही शनिवारची मॅटिनी. शेजारचे नाना पण येतात ऐकायला. ते आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, ऐकताना दर पाच मिनिटांनी विचारतात, वहिनी, समेवर कधी येणार हे लोक?

मुलगा तिकडे नोकरीला होता तेव्हा एक हिवाळा आम्ही त्याच्याकडे होतो, तेव्हापासूनचं हे वेड. त्याने स्टेजवरच्या, ऑर्केस्ट्राच्या मागच्या खुर्च्या काढल्या होत्या, स्वस्तातल्या. मला आधी वाटलं हे काय, पाठी बघायच्या का सगळ्यांच्या? पण तिथून कंडक्टरचा, म्हणजे हातवारे करून सगळ्या वादकांना सांभाळणाऱ्याचा, चेहरा समोर दिसतो ना! आणि कंडक्टर येतो तो बाजूच्या विंगेतून नाही, मागच्या उंच जिन्यावरून लाल गालिच्यावर एकेक पायरी उतरत, सगळा हॉल टाळ्या वाजवत असताना. पडला तर? असंच सारखं येत होतं माझ्या मनात. नगारे, म्हणजे टिंपनी, पायाशीच होते त्यामुळे व्हायोलिन कमी आणि धडधड जास्त ऐकली, तरी परत जायचं झालं तर मी तिथेच बसेन.

हॉल १८८८ चा. जमीन दलदलीची, म्हणून खाली २,१८६ लाकडी खांब ठोकून त्यावर बांधलेला, आणि १९८३ च्या सुमाराला कळलं की इमारत खचतेय. मग लाकडाच्या जागी लोखंडी नळ्या घातल्या, खाली तळघर खणलं, आणि वर कार्यक्रम चालूच! सीझन बंद नाही केला. आपल्याकडे साधं रंगकाम निघालं तरी सभागृह दोन वर्षं बंद असतं, जाऊ दे. आवाजाचं तर विचारूच नका, भरलेल्या हॉलमध्ये नाद साधारण २.२ सेकंद रेंगाळतो आणि रिकाम्यात २.८, म्हणजे माणसांचे कपडे, कोट, अंग सगळं मिळून अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त नाद पिऊन टाकतात. माइक नाही काही नाही. इथे गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात साउंडवाल्याने तबला इतका वर चढवला होता की गाणाऱ्या बाईंचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

पण मला आज लिहायचं होतं ते वेगळंच. मुलाने त्या हॉलच्या पुढच्या सीझनची पीडीएफ पाठवलीय. सप्टेंबर ते जून, कुठल्या तारखेला कोण, काय, कितव्या नंबरची सिंफनी, सगळं आत्ताच छापून मोकळे. नाना तर हादरलेच. जूनमधल्या गुरुवारी संध्याकाळी कुणाला काय वाजवावंसं वाटेल हे आत्ता कसं ठरवता येतं? पोथीचं पारायण केल्यासारखं वाजवतात हे, असं म्हणाले. आणि मला पटतं ते अर्धं. मी ज्यांच्याकडे शिकले ते तानपुरे जुळेपर्यंत राग सांगायचे नाहीत, समोर कोण बसलंय ते बघायचे, कधी कधी तर हवा बघायचे.

उरलेलं अर्धं मात्र नाही पटत. कारण त्या पीडीएफमुळेच तिकडे लोक वर्षभराची खुर्ची घेऊन ठेवतात, तीच रांग, तेच शेजारी, आणि सवयीने ऐकायला शिकतात. बुधवारी दुपारी अर्ध्या तासाचा फुकट कार्यक्रम असतो, त्याला डबा घेऊन ऑफिसचे लोक येतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी बाख या जर्मन संगीतकाराचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची गाऊन सांगितलेली कथा, हे १८९९ पासून. आणि हे लोक जन्मतःच गप्प बसणारे होते असं नाही हं! सुरुवातीला तिथे टेबलं मांडून खाणंपिणं, गप्पा, फिरणं सगळं चालायचं, पहिला कंडक्टर विलेम केस याने ते सगळं बंद करायला लावलं. त्याच्यानंतर मेंगेलबर्ग आला, चोविसाव्या वर्षी, आणि पन्नास वर्षं राहिला. त्याच्या काळात १९०४ मध्ये माहलर या संगीतकाराची चौथी सिंफनी एकाच संध्याकाळी दोनदा वाजवली, दोन्ही वेळा कंडक्टर म्हणून माहलर स्वतः उभा. हे सांगितल्यावर नाना एकदम खूश! वन्समोअर म्हणजे आपलंच की, फक्त इथे पद पाच-दहा मिनिटांचं आणि तिथे तासाभराचं.

बडोद्यात काय नव्हतं सांगा. दरबाराचा कलावंत कारखाना होता, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं सरकारी खातंच. गायक मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, तीच पुढे युनिव्हर्सिटीत गेली, सूरसागरच्या काठी अजून रियाज ऐकू येतो. १९१६ ला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे, संगीतशास्त्रकार भातखंडे इथे, गायक फैयाज खाँ तर मरेपर्यंत इथलेच. कमाटीबागेत बॅंडस्टँड अजून उभा आहे, त्याच्यावर पोरं सेल्फी काढतात. पण आज कुणी विचारलं की पुढच्या महिन्यात गाणं कधी आहे तर मी काय सांगू? आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड येतो, त्यात वेळ असते तर जागा नसते. मग अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि लोक म्हणणार बडोद्यात आता रसिक उरले नाहीत. अहो रसिकाला कळवा तरी!

तर आज मॅटिनी संपल्यावर मी आणि नानांनी ठरवलं, आमच्या पुढच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक करायची, पंधरावीस माणसं मावतील सतरंजीवर. म्युझिक कॉलेजची मुलं गातात छान आणि त्यांना बसायला कुणी बोलवत नाही. जून ते मार्च तारखा आत्ताच लिहून सगळ्यांना पाठवणार. कोण गाणार तेही लिहू म्हटलं तर नाना हो म्हणाले, पण राग लिहायचा नाही यावर अडून बसलेत. वर चालू गाण्यात चहा फिरवायचा नाही हा माझा नियम त्यांना मान्य नाही, म्हणे बडोद्यात असं चालत नाही. मिसेस नाना म्हणाल्या आधी सतरंज्या कुणाकडे आहेत ते बघा.