मावशींचा हात आणि माझं ॲप

बुधवार, रात्री

ॲपमध्ये आज दुपारच्या जेवणापुढे नुसतं 'भाजी, 1 वाटी' एवढंच टाकलं. भाजी दोडक्याची, दाण्याचं कूट घातलेली. त्या ॲपला दाल मखनी माहीत आहे, पालक पनीर माहीत आहे, दोडका म्हटलं की ते गप्प. आणि समजा सापडला असता, तरी मावशींनी फोडणीला किती तेल घेतलं हे ते कुठून सांगणार?

शुगर काठावर आल्यापासून डॉक्टरांनी खाल्लेलं सगळं लिहून ठेवायला सांगितलंय. स्वतः रांधणारीला ते सोपं. आमच्याकडे सकाळी सात ते आठ ओटा मावशींचा. पुढे त्यांना आणखी तीन घरं गाठायची असतात. अशा बाईच्या खांद्यावरून वाकून 'थांबा हं, कांदा जरा काट्यावर ठेवते' म्हणणं माझ्या जिवावर येतं.

तरी तेलाचं बोलून पाहिलं. "मावशी, जरा बेतानं घालत जा."

"बेतानंच घालते की. पण ताई, तेल कमी पडलं की मसाला करपतो. मग दादा जेवतील का?" वर सोसायटीतल्या एका घराची हकीकत. तिथे म्हणे सगळं उकडून खातात. "चांगली पैसेवाली माणसं आहेत हो," हे अगदी हळहळून.

मग ताटाचा नाद सोडला आणि डब्यांकडे वळले. मावशी मापं वापरत नसल्या तरी त्यांचा हात रोज सारखा पडतो. कणीक तीन फुलपात्री, पोळ्या 14. त्या गेल्यावर तेच फुलपात्र भरून काट्यावर ठेवलं, 117 ग्रॅम. म्हणजे एका पोळीत 25 ग्रॅम कणीक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात कणकेच्या 100 ग्रॅमला 320च्या आसपास कॅलरी आहेत, तेव्हा तेल सोडून पोळी 80ची. ॲपमधल्या 'मीडियम रोटी'शी आता माझं काही देणंघेणं नाही.

खरी गंमत तेलाची. महिन्याच्या किराण्यात एक लिटरच्या चार पिशव्या येतात. पिशवीवरच छापलेलं असतं, 910 ग्रॅम. चार पिशव्या, तीन माणसं, तीस दिवस: माणशी रोज 40 ग्रॅम. ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या की 360. चार पोळ्यांहून जास्त, आणि ताटात दिसत कुठेच नाही! पोळीच्या घडीत थोडं, फोडणीत थोडं, रविवारच्या भज्यांत बरंच. त्याच संस्थेनं 2000 कॅलरीच्या दिवसाचं जे ताट आखून दिलंय, त्यात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. समईत जातं ते मी वजा केलेलं नाही, पण आमचे देव काही अर्धा लिटर पीत नाहीत.

माझा संशय खरं तर कुटावर होता. पण दाणे पंधरा दिवसांना अर्धा किलो लागतात, म्हणजे माणशी 11 ग्रॅम, साठेक कॅलरी. कूट सुटलं.

ही अर्थात सरासरी झाली. रश्शावरचा तवंग कुणाच्या वाटीत गेला हे त्यात कळत नाही. आमच्याकडे तो चिरंजीवांच्या वाटीत जातो. त्याचं वय तेरा, त्याला सगळं पचतं. नवऱ्याच्या पोळ्या माझ्या दुप्पट, त्यामुळे त्यांच्यातलं तेलही त्याच्याच खात्यावर.

या महिन्यात किराण्याच्या यादीत तीनच पिशव्या लिहिल्या. मावशींच्या ते लगेच लक्षात आलं. "ताई, तेल कमी आणलंय?" म्हटलं, "हो, एवढ्यात महिना पुरवायचाय." त्यावर एक शब्द नाही. 'तेल कमी घाला' म्हटलं की त्यांना आपल्या हातच्या चवीवर बोट ठेवल्यासारखं वाटतं. महिना पुरवणं मात्र त्यांना कुणी शिकवायला नको, त्यात त्यांची हयात गेली. आता भाजी जाड बुडाच्या कढईत जाते, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढतात, पाणी तापलं की तेच भाजीत ओततात. आजचा दोडका तसाच केलेला, आणि नवऱ्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला. तीन पिशव्या पुरल्या तर माणशी 30 ग्रॅमवर येऊ. दिवसाला 90 कॅलरी कमी, आणि त्यासाठी मला ॲप उघडावंही लागत नाही.

उद्या चतुर्थी. साबुदाण्याची खिचडी होईल, मावशी ती तुपात करतात आणि वाढताना वरून आणखी एक चमचा सोडतात. तूप सासूबाई गावाहून पाठवतात, बरणी संपायच्या आत दुसरी हजर. किराण्याच्या यादीत ते येतच नाही, आणि सासूबाईंना 'महिना पुरवायचाय' म्हणायची सोय नाही.