12 पितळी टोकांसाठी मारलेले हेलपाटे

घरी बांबूचे बाण करताना सगळ्यात अवघड काय, तर बहुतेक जण बांबू सरळ करणं सांगतात. मी सांगेन, साताऱ्यात 12 पितळी टोकं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कोरणाऱ्या यंत्रावर, करून मिळवणं. बांबू, पिसं, दोरा सगळं आपल्या हातातलं असतं. लेथ आपल्या हातातलं नसतं.

मला जुन्या शिकारी घाटाचे बाण करायचे होते. असा बाण वजनदार असतो, मागे खरी पिसं आणि पुढे जड टोक. घाट तेवढा शिकारी, शिकार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. त्यामुळे माझ्या बाणाला पातं नाही, बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं टोक आहे आणि ते कडबा ठासून भरलेल्या पोत्यात जातं. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली, तेव्हापासून आमच्याकडे घरटी कुणीतरी धनुष्य धरतंय. पण ती सगळी कार्बनच्या बाणांची दुनिया. बांबूचा बाण करते म्हटलं की लोक विचारतात, कशाला?

बांबूचं काम सुरळीत झालं. मेढ्याकडून चिव्याच्या बारीक काठ्या आणल्या, थंडीत तोडलेल्या. पावसाळ्यात तोडलेला बांबू घेऊ नका, त्याला भुंगा लागतो आणि आतून भुसा पडतो. सावलीत वाळवल्या, शेगडीवर गाठीपाशी शेकून वाकवल्या, गार होईपर्यंत तशाच दाबून धरल्या. झालं.

आता टोक. बाजारात मिळणारी टोकं कार्बन नळीत पेचाने बसणारी असतात, बांबूवर ती बसत नाहीत. लाकडी बाणाच्या टोकाला आतून 5 अंशांचा निमुळता खळगा असतो. काडीचं टोकही तसंच तासायचं, म्हणजे दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात आणि आघात सगळ्या काडीवर पसरतो. सरळ भोक पाडून बसवलं तर काडीला खांदा पडतो आणि पहिल्याच दगडावर ती तिथे तुटते. म्हणून मला टेपरच, म्हणजे निमुळता खळगाच, हवा होता. वजन 8 ग्रॅम, म्हणजे 125 ग्रेन. कागदावर सगळी मापं काढून एमआयडीसीत गेले.

पहिला प्रश्न, "नग किती?" 12 म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलायचा. "ताई, 12 नगासाठी लेथच्या चकला हात कोण लावणार? हजार असतील तर बोला." एका कारखान्यात मात्र साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि सोमवारी या म्हणाले. सोमवारी साहेब पुण्याला. मग मशीन बिझी. मग ऑपरेटर रजेवर. मग म्हणे पितळ तुम्हीच आणून द्या. पितळेचा रॉड नेऊन दिला, तर तो आठवडाभर खिडकीत तसाच, माझा कागद त्याखाली दाबलेला. दर वेळी फोनवर एकच, "उद्या नक्की." मला पैशाची घासाघीस करायची नव्हती, सांगतील ते द्यायला तयार होते. होत नाही म्हणाले असते तर मी त्याच दिवशी दुसरीकडे गेले असते. "उद्या" म्हणून माणसाला अडकवून ठेवायचं, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मिळाली ती टोकं सरळ भोकाची. कागदावर टेपर काढलेला असताना! वर ऐकवलं, "काय फरक पडतोय ताई, एम-सीलनी बसवा."

घरात काड्या तासून तयार, पिसं कापून तयार, आणि सगळं या 12 नगांपायी अडलेलं. धनुष्य भिंतीवर टांगलेलं दिसलं तरी चिडचिड व्हायची.

सुटका झाली ती गावातल्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये, जिथे मोटारपंपाचे शाफ्ट दुरुस्त होतात. तिथल्या काकांनी कागद बाजूला सारला. "काडी आणलीय का? काडी दाखवा." या वेळी तासलेली काडी पिशवीत होती. त्यांनी ती दोन बोटांत फिरवली, टोकाला अंगठा लावला आणि म्हणाले, "आतून एवढ्या बारीक भोकात टूल जाणार नाही. डी-बिट करावी लागेल." डी-बिट म्हणजे इंग्रजी D सारखं अर्धगोल, खळगा कोरायचं हत्यार. सिल्व्हर स्टीलची, म्हणजे हत्यारांच्या पोलादाची कांडी लेथच्या चकात (पकडीत) धरली, हत्यार सरकवणारी कंपाउंड स्लाइड 5 अंशांवर फिरवून ती निमुळती केली, मग कानशीने घासून निम्मी उडवली. लालभडक तापवून तेलात बुडवली तेव्हा चर्र आवाज आला आणि जळक्या तेलाचा वास दुकानभर पसरला. त्या डी-बिटने पहिलं टोक कोरून त्यांनी माझ्या काडीवर बसवलं. कागद शिरायला फट नव्हती. मी ते उपटून बघितलं, परत बसवलं, परत उपटलं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हा माझं सांगणं, मोठ्या कारखान्यात जाऊच नका. दुरुस्तीचं काम करणारा टर्नर शोधा, आणि कागदापेक्षा काडी न्या. ती डी-बिट काकांनी मलाच देऊन टाकली.

चिकटवायला मी अराल्डाइट वापरलं. पूर्वी लाख वापरायचे, पण ती आघाताने तडकते. बांबूची वरची चकचकीत साल पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय अराल्डाइट धरत नाही, आणि पूर्ण पकडायला एक दिवस तरी द्यावा. मागची खाचही मी प्लॅस्टिकची बसवली. बांबूत कोरलेली खाच दोरीच्या दाबाने चिरू शकते.

पिसं मात्र खरीच हवीत. प्लॅस्टिकचं पान कडक असतं, साध्या धनुष्याला घासून जाताना ते बाणाला बाजूला ढकलतं. पीस दबतं आणि पुढे जाऊन परत उभं राहतं. मी टर्कीची वापरली. एका बाणावरची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची घ्या, सगळी डावी किंवा सगळी उजवी. मिसळली तर बाण नीट फिरत नाही. देठाचं पुढचं टोक दोऱ्याने गुंडाळून वर फेविक्विकचा थेंब सोडा, नाहीतर ते सुटताना हातात घुसतं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: टोकं करायच्या आधी काड्यांची लवचीकता मोजा. फळीवर 26 इंचांवर दोन खिळे मारून काडी आडवी ठेवा, मधोमध 2 पौंड वजन टांगा, म्हणजे साधारण 907 ग्रॅम. काडी किती इंच झुकली त्याने 26 ला भागायचं. अर्धा इंच झुकली तर 52 पौंडांची काडी, म्हणजे 52 पौंड ताणाच्या धनुष्याला जुळणारी. माझं धनुष्य 40 पौंडांचं, म्हणून 16 मिलिमीटरच्या आसपास झुकणाऱ्या काड्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या. एकमेकींत मिलिमीटरभराचा फरक चालतो. बाणाचं वजन धनुष्याच्या पौंडामागे 10 ग्रेन धरलं, म्हणजे 400 ग्रेन, साधारण 26 ग्रॅम. एवढा जड बाण धनुष्यालाही मानवतो.

एक चुलतभाऊ मोडक्या कार्बन बाणांचे तुकडे आणून देतो म्हणतोय, टोकामागे बाही म्हणून घालायला. कार्बन कापताना तोंडाला मास्क बांधा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. आणि बाण कार्बनचा असो की बांबूचा, सोडण्याआधी दर वेळी तो कानाजवळ धरून जरासा वाकवा. बारीकशी जरी करकर ऐकू आली तरी तो बाण तिथेच मोडून टाका.