अण्णांची ओम्नी, पंधरा वर्षांची मुदत आणि फॉर्म ३१

गाडीला पंधरा वर्षं झाली की सरकार ती भंगारात काढतं, हा समज आमच्या वेंगुर्ले तालुक्यात इतका पक्का बसलाय की चांगल्या चालत्या गाड्या लोकांनी मातीमोल भावाने देऊन टाकल्या. आमच्यावरही तीच वेळ आली होती. माझे वडील, अण्णा, २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यांची मारुती ओम्नी व्हॅन २००८ च्या फेब्रुवारीत नोंदलेली, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीत मुदत संपणार. दिवसकार्याला आलेल्या एका शेजारकाकांनी सहज म्हणावं तसं सांगितलं, "पंधरा वर्सा झाली मां? मगे ती आता भंगारातच घालूची लागतली." ते तळमळीनेच बोलत होते. पण ते खरं नव्हतं, आणि ज्यांच्या घरी गाडी गेलेल्या माणसाच्या नावावर आहे त्यांना हे कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर तपासणीत गाडी ठीक निघाली तर ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांची जी बंदी आपण टीव्हीवर ऐकली ती दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. हरित लवादाने ती घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण आलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. या तिन्ही बातम्या एकत्र कालवून गावात एकच नियम तयार झाला. आपल्याकडच्या खासगी गाडीला त्यातलं काहीही आपोआप लागू होत नाही.

आम्हाला गाडी का हवी होती तेही सांगते. आईची तपासणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. आमच्या वाडीतून एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओम्नीचं सरकतं दार आणि बुटकी पायरी म्हणजे मोठा आधार. आणि नवीन ओम्नी आता मिळत नाही. १९८४ पासून चाललेलं ते मॉडेल २०१९ मध्ये बंद झालं. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या मोटारींना अपघात चाचणीचे निकष पाळणं सक्तीचं होतं, त्याआधी जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टचा इशारा, रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे झाले, आणि एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष येऊ घातले होते. चालकाच्या गुडघ्यापुढे जेमतेम पत्रा असलेल्या गाडीला हे जमणारं नव्हतं. ते नियम योग्यच आहेत असं माझं मत आहे. मुंबई-गोवा महामार्गावर समोरासमोरच्या धडका पाहिलेला कोणीही तेच म्हणेल. पण नवी गाडी त्यामुळे महाग झाली हेही तितकंच खरं, आणि जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेच्या पगारात आईच्या औषधांसह नवा हप्ता बसत नव्हता.

पहिलं काम गाडी माझ्या नावावर करण्याचं. मालक वारला तर केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ लागतो. ३० दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इच्छेची लेखी खबर दिली तर वारसाला तीन महिने ती वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून हस्तांतराचा अर्ज करायचा. नेहमीच्या खरेदी-विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० इथे चालत नाहीत. खबरीचं पत्र मी स्वतः ओरोसला नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. तो शिक्का पुढे फार कामाला आला. विम्याचंही तसंच: मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवरच चालते, तेवढ्यात ती वारसाच्या नावावर करून घ्यायची. हे बहुतेकांच्या गावीही नसतं. अशा गाडीने अपघात झाला तर काय प्रसंग ओढवेल याचा विचार करा.

कागद फार नव्हते. मृत्यूचा दाखला, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विमा, पीयूसी (धूर तपासणीचा दाखला), माझं आधार आणि पॅन, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आई आणि भाऊ दोघांची नाहरकत. भाऊ मुंबईत नोकरीला, त्याने तिथेच नोटरी करून टपालाने पाठवलं. ऑनलाइन अर्ज करताना मात्र ओटीपी जातो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर अण्णांचा. आईने त्यांचा फोन कपाटात जपून ठेवला होता, रिचार्जही चालू ठेवला होता. मी तो चार्जिंगला लावला, पडदा उजळला तशी आधी साचलेल्या मिसकॉलची रांग आली, मग सहा आकडे आले. आई शेजारी बसून ते मोठ्याने वाचत होती. माझ्याच्याने पहिल्यांदा टाइपच होईना. घरातल्या गेलेल्या माणसाचं सिम सगळी नावं बदलून होईपर्यंत बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते.

खरी अडचण निघाली ती बोज्याची. अण्णांनी गाडी कर्जावर घेतली होती, कर्ज २०१२ मध्ये फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बोजा उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही, आणि त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचा नाहरकत दाखला लागतो. दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. शाखेत गेले की एकच उत्तर: जुनं खातं आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही. दिसत नाही म्हणजे कर्ज नाही, मग तसं लिहून द्या, म्हटलं तर तेही देईनात. मधल्या सुट्टीत शाळेतून फोन लावायचा, कोणी उचलायचं नाही, उचललं तर साहेब रजेवर. यात महिने गेले, आणि नियमातली तीन महिन्यांची मुदतही यातच उलटली.

वाट निघाली ती अण्णांच्या फाइलमुळे. त्यांनी सगळ्या हप्त्यांच्या पावत्या आणि कर्ज फिटल्याचं जुन्या बँकेचं पत्र पंच करून लावलं होतं. मी त्या पत्राची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि अर्जातच लिहिलं की ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन. २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी एकच लोकपाल योजना आहे, तक्रार फुकट आणि ऑनलाइन करता येते. तक्रारीची गरज पडली नाही. मुदत संपायच्या आत मोठ्या शाखेतून फोन आला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडला. उशीर का झाला म्हणून आरटीओच्या खिडकीवर विचारलं तेव्हा खबरीच्या पत्रावरचा शिक्का आणि बँकेची पोच दाखवली. डिसेंबरात आरसीवर माझं नाव आलं.

एका एजंटने हे सगळं "एका रकमेत" करून देतो म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं. एजंट बोजा उतरवू शकत नाही, ते बँकेलाच करावं लागतं. तो फक्त आपला कागद घेऊन आपल्यासारखाच रांगेत उभा राहतो.

आता नूतनीकरण. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो, आणि नाव त्याआधी बदलून घेतलेलं होतं म्हणून दोन्ही कामं एकमेकांत अडकली नाहीत. एप्रिल २०२२ पासून मोटारीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, उशीर झाला तर दर महिन्याला ५०० वेगळे. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला तेव्हा पाच वर्षांचे ३,००० रुपये होते. पीयूसीची भीती आम्हाला सगळ्यांनी घातली होती, पण जुनी गाडी ज्या निकषावर बनली त्याच निकषावर मोजली जाते. आमच्या बीएस-२ गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के. इंजिन ट्यून केलं, प्लग बदलले, पास झाली.

किनाऱ्यावरच्या गाडीचा खरा शत्रू धूर नव्हे, गंज. खारा वारा, चार महिने पाऊस, वर लाल चिखल. कुडाळच्या मेस्त्रींनी गाडी वर घेतली तेव्हा मागच्या चाकावरचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आत जात होता. तो कापून नवीन पत्रा वेल्ड केला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, खालून अंडरकोटिंग मारलं. पुढचा लोखंडी गार्ड काढायला लावला, कारण केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदेशीर असल्याचं राज्यांना कळवलंय. अण्णांनी तो गुरं आडवी येतात म्हणून बसवला होता.

पण सगळ्यात नाजूक काम चेसिस नंबरचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचं. तपासणीत तो आरसीशी ताडून बघतात आणि त्याचा कागदावर ठसा घेतात. आमच्या गाडीचा नंबर गंजाच्या पापुद्र्याखाली गेलेला. मेस्त्रींचा पोरगा ग्राइंडर घेऊन आला तेव्हा त्यांनीच त्याला मागे ओढलं. नंबर घासला गेला तर तो छेडल्याचा संशय येतो, मग परवानगी काढून पुन्हा कोरून घेण्याचं लचांड. त्यांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून त्या जागेवर ठेवली, बराच वेळ मुरू दिली, मग जुन्या टूथब्रशने एका दिशेने हलक्या हाताने घासलं. तपकिरी पाणी ओघळलं. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली तसे एकेक आकडे पांढरे उमटायला लागले. शेवटून दुसरा आकडा तीन की आठ ते काही कळेना. पुन्हा रॉकेल, पुन्हा ब्रश, तिसऱ्या कागदावर आठाची डावी बाजू उमटली. आरसीतही आठच होता. मग त्यावर ग्रीसचा थर दिला. दर उन्हाळ्यात तो थर मी नव्याने देते.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक साहेबांनी टॉर्च मारून नंबर पाहिला, ठसा घेतला, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, टायरची नक्षी, सीटबेल्ट बघितले. मग मला गाडी चढावर उभी करून हँडब्रेक ओढायला आणि ब्रेकवरचा पाय काढायला सांगितलं. गाडी हलली नाही. खालून वेल्डिंग पाहून म्हणाले, "बाई, काम बरं केलंय, पण पावसाळ्याआधी एकदा परत बघून घ्या." मला तो सल्ला सहीपेक्षा मोलाचा वाटला. आमच्यासारख्या घाट आणि उताराच्या भागात जुनी गाडी तपासून घेतलीच पाहिजे, त्यात कुणाची गय नको.

नवी आरसी २०२८ पर्यंतची आहे. ती हाती आल्यावर दोन कामं झाली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली, मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. आणि आरसीवर भावाला नॉमिनी केलं. २०२१ पासून तशी सोय आहे, आणि ती वापरली असती तर अण्णांच्या गाडीचं हस्तांतर बरंच सुटसुटीत झालं असतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची फी १०,००० रुपये झाली. २०२८ मध्ये आमची ओम्नी वीस वर्षांची होईल. तेव्हा खालचा सांगाडा मजबूत असेल तर पैसे भरू. नसेल तर ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच देऊ, कारण तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची धोरणात तरतूद आहे, आणि जुनी नोंदणी रीतसर रद्द होते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी देऊन आरसी घरात ठेवू नका. त्या नंबरवर पुढे काहीही घडलं तरी नोटीस तुमच्याच दारात येईल.