कॅनॉपी पुढं उघडायची

पार्सल कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं होतं. घरी आलं असतं तर डब्याच्या आकारावरूनच बायकोनं किंमत ओळखली असती. कुपवाड एमआयडीसीत मी एका मोल्डिंग कारखान्याची टूलरूम, म्हणजे साचे बनवायची-सांभाळायची खोली, बघतो. ठिबकची फिटिंग, झाकणं, डबे असलं सगळं तिथं निघतं. त्यामुळे प्लॅस्टिकच्या विमानाचा किट उघडला की माझं डोकं आधी विमानाकडे जात नाही, डायकडे, म्हणजे साच्याकडे, जातं. हा दोष आहे की फायदा, हे अजून ठरलेलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि आमच्या सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या सहा-सात मॉडेलवाल्यांना त्या विमानाचा एकदम उमाळा आला. तेवढ्यात हा नवा किट आला. १/४८ स्केल, डब्यावर भारतीय मिग-२१ एफएल. एफएल म्हणजे हवाई दलात ज्याला टाइप ७७ म्हणायचे ते. नाशिकजवळ ओझरला जुळायचं, इंजिन कोरापुटहून यायचं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकणारी मिग हीच. कंपनीचं नाव इथं घेत नाही. सगळ्यांचा ठराव झाला की आधी मी एक उघडायचा, नीट बघायचा, आणि मी हो म्हटलं की बाकीच्यांनी पैसे घालायचे. थोडक्यात, बळीचा बकरा मी.

जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या टेबलावर डबा उघडला. सुटे भाग ज्याला चिकटून येतात त्या ज्या सांगाड्याला मॉडेलवाले स्प्रू म्हणतात त्याला आम्ही रनर म्हणतो. आमच्या लेखी स्प्रू म्हणजे नोझलमधून प्लॅस्टिक आत येतं ती पहिली जाड नळी. पण ही भांडणं मॉडेलवाल्यांशी करायची नसतात. राखाडी सहा रनर, पारदर्शक एक, डेकलचा, म्हणजे विमानावर उठवायच्या खुणांचा, एक कागद, माहितीपुस्तिका. प्रत्येक रनर वेगळ्या पिशवीत होता, हे बघून बरं वाटलं. पारदर्शक भाग राखाडी रनरबरोबर एकाच पिशवीत कोंबले की ते वाटेत घासून काच म्हणायच्या लायकीचे राहत नाहीत.

पहिलं काम, भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात रनर धुवून वाळत टाकायचे. डायमधून माल सुटावा म्हणून मारलेला सिलिकॉन स्प्रे पृष्ठभागावर राहतो आणि मग रंग धरत नाही. एफएलचं बरंचसं आयुष्य उघड्या धातूच्या अंगानं गेलं. चंदेरी रंग म्हणजे चुगलखोर रंग, बोटाचा ठसासुद्धा लपवत नाही.

मग भिंग. पार्टिंग लाइन, म्हणजे डायचे दोन भाग जिथं मिळतात ती रेघ, नखाला जेमतेम लागत होती. म्हणजे डाय नवी आहे आणि गाइड पिना अजून ढिल्या झालेल्या नाहीत. फ्लॅश, म्हणजे त्या रेघेतून बाहेर आलेला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा, कुठंच नाही. पंखाच्या मुळाशी, आतून जाड खुंटी आहे तिच्या बरोबर वरच्या बाजूला, हलका खळगा मिळाला. याला सिंक म्हणतात. जाड जागेतलं प्लॅस्टिक उशिरा थंड होतं, आक्रसताना पृष्ठभाग आत ओढून घेतं. पुट्टीचा एक हात मारला की जाईल. इजेक्टर पिनांचे गोल ठसे मात्र चाकांच्या खोबणीत, अगदी दिसणाऱ्या जागी आलेत. हे मला खटकलं. पिना कुठं तरी द्याव्याच लागतात, नाहीतर माल डायमधून सुटत नाही, पण जरा डोकं चालवलं असतं तर त्या खोबणीच्या मागच्या बाजूला गेल्या असत्या. आमच्याकडे झाकणाच्या दर्शनी भागावर पिन आली तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

पॅनल लाइनसाठी मात्र मी त्या डायमेकरला सलाम ठोकला. लहानपणी आम्ही जोडलेल्या किटांवर पत्र्याचे सांधे उठावदार यायचे, रेघ वर आलेली. लोक म्हणायचे जुन्या कंपन्यांना अक्कल नव्हती. अक्कल होती हो. पोलादी डायमध्ये बारीक रेघ कोरायची सोपी, ती कोरली की मालावर रेघ वर येते. मालावर रेघ आत हवी असेल तर डायमध्ये ती केसासारखी वर ठेवून बाकीचं सगळं पोलाद काढून टाकावं लागतं. संगणकावर चालणारी सीएनसी आणि ठिणगीनं पोलाद झिजवणारी स्पार्कची मशिनं हाताशी आल्यावर ते जमायला लागलं. या किटची रेघ साधारण ०.१ मिलिमीटर आहे. ४८ नं गुणा, खऱ्या विमानावर ५ मिलिमीटरची फट होते. खरं तर एवढी फट कुठल्याच विमानाला नसते, पण त्याहून बारीक रेघ रंगाखाली बुजून जाते. इथं हिशेबापेक्षा डोळ्याचं ऐकायचं.

घरी आणून रात्री जुळवाजुळव केली. गोंद न लावता, नुसत्या मास्किंग टेपवर. पंखाची लांबी मोजायची होती. मिग-२१ मोजताना एकूण लांबीच्या नादाला लागू नये. कुणी नाकावरची वेग मोजायची लांब पिटो नळी धरून आकडा देतं, कुणी ती सोडून, आणि त्या घोळात चांगल्या किटवर उगाच ठपका बसतो. पंखांचा विस्तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ असतो, ७.१५४ मीटर. भागिले ४८, म्हणजे १४९ मिलिमीटर. माझा व्हर्निअर म्हणाला १४८.४.

मी लगेच निदान करून मोकळा. पॉलिस्टायरिन थंड होताना साधारण अर्धा टक्का आक्रसतं. तेवढी वाढ डायमध्ये धरावी लागते. १४९ वर अर्धा टक्का काढा, पाऊण मिलिमीटर येतो. हिशेब इतका सुरेख बसला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पुण्याच्या मित्राला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं, ‘श्रिंकेज धरलेलं नाही लेका, विमान आखूड आलंय, थांब जरा.’ तो म्हणाला, ‘अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय?’ मी त्याला तत्त्वाचं सांगायला लागलो.

सकाळी तेच पंख कारखान्यात नेऊन डिजिटल कॅलिपरला लावले. १४९.०५. पुन्हा लावले. १४९.०५.

घरचा व्हर्निअर वडिलांचा. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं आणि हा व्हर्निअर पाच-सहा दिवस चिखलात होता. नंतर मीच त्याला घासूनपुसून तेल पाजलं आणि देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपून ठेवला. सरकत्या जबड्याच्या आत एक पातळ पट्टी असते, ती गंजून गेलेली. जबडा दाबला की टोकाकडे तिरका होतो आणि आकडा कमी दाखवतो. हातात घेऊन हलवला असता तरी कळलं असतं. टूलरूममध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, की मोजायच्या आधी मापच तपास. पुण्याला पुन्हा फोन केला. तो तत्त्वाचं ऐकायच्या मूडमध्ये होता, तब्बल दहा मिनिटं.

एवढं नाक कापून घेतल्यावर पुढचा दोष बोलायची हिंमत होईना, पण तो खराच होता. पारदर्शक रनरवर कॅनॉपीचे, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या काचेच्या छपराचे, दोन संच आहेत. एकात पुढची काच आणि मागचा घुमट एकसंध. दुसऱ्यात पुढची काच वेगळी, घुमट वेगळा. माहितीपुस्तिका सांगते दुसरा संच लावा आणि घुमट उजवीकडे उघडा ठेवा. डब्यावरच्या चित्रात मात्र एकसंध काच. आता एकाच डायवरून चार प्रकारची मिग काढून विकायची हा धंद्याचा भाग आहे, आम्हीही एकाच डायमध्ये इन्सर्ट, म्हणजे आतला सुटा तुकडा, बदलून तीन मापाची झाकणं काढतो. पण मग चिठ्ठी तरी बरोबर टाका. पुस्तकांत एफएलची चित्रं होती, सगळी कॅनॉपी बंद असलेली. माझी जुनी कात्रणांची फाइल पुरातच गेली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहतात. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, तेजपूरला नव्वदच्या दशकात याच विमानांवर हात काळे करून आलेले. रविवारी सकाळी टेपनं बांधलेलं विमान ताटात ठेवून घेऊन गेलो. काकूंना वाटलं प्रसाद आणलाय.

काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि विमान नाकाकडून डोळ्यापुढं धरलं. पिटो वरच्या बाजूला मधोमध आहे का बघितलं. ‘हां, सत्त्याहत्तर. नंतरच्यांत ती उजवीकडे सरकली.’ पाठीवरून अंगठा फिरवला. ‘पाठ सडपातळ हाय, बरोबर. नंतरच्या बिस मिगला इथं कुबड असतं.’ पंख किंचित खाली झुकलेत ते मी मोजून दोन अंश लिहून ठेवलं होतं, त्यांनी नुसतं बघून ‘ठीक’ म्हटलं. मग कॅनॉपी. मी बाजूला उघडणारी लावून नेली होती.

‘ही कुठली बसवलीस?’

‘पुस्तिकेत हीच लिहिलीय काका.’

‘पुस्तिका लिहिणाऱ्यानं आमच्या हातची मार खाल्ली नाही. आमचं अख्खं छप्पर पुढं उघडायचं. काचेसकट.’ त्यांनी दोन्ही तळहात डोक्यावर जुळवून पुढं नेले, टोपी काढल्यासारखे. ‘पायलट बाहेर फेकला गेला की हे छप्परच त्याच्या तोंडापुढं ढाल म्हणून जायचं. सीटबरोबर. बाजूला उघडणारं नंतरच्या विमानांत आलं, सीटपण वेगळी.’

घरी येऊन एकसंध काच लावून बघितली. नाकाकडच्या कडेला कागद जाईल एवढी फट, बाकी झकास. काच पातळ आहे, तिच्यातून वर्तमानपत्राची ओळ न वाकता वाचता येते. म्हणजे योग्य भाग डब्यात होताच, फक्त तो ‘वापरू नका’च्या यादीत टाकलेला. सीट मात्र एकच दिलीय आणि ती नंतरच्या प्रकारची. ती तासून घ्यावी लागेल.

डेकल भिंगाखाली बघितले. हवाई दलाच्या चक्रात बाहेर केशरी, आत हिरवा. केशरी आणि पांढऱ्याच्या मध्ये कुठं कागद डोकावत नाही, छपाई जागेवर आहे. शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी पुढच्या कडेला हवा, दोन्ही बाजूंना तसाच दिलाय. हे चुकवणारे भरपूर असतात, कारण डावी बाजू छापून तीच उजवीकडे लावायला सांगतात. केशरी मला थोडा लाल वाटतो. पोटाखालच्या तोफेचा पॉड डब्यात आहे, एफएलला अंगची तोफ नव्हती त्यामुळे तो हवाच. नाकाच्या शंकूत वजन घालायला पुस्तिका सांगते. मी कृष्णेवर गळ टाकणाऱ्या पोरांकडून शिशाचे मणी आणले, विमान नाकाखालच्या चाकावर नीट बसतं.

पुण्याला कळवलं, घे. फक्त एकसंध काच लाव, चाकाच्या खोबणीतले पिनांचे ठसे आधी बुजव, सीट बदल, आणि विस्तार मोजायचा असेल तर माझा व्हर्निअर मागू नकोस.

संध्याकाळी काका स्वतःच घरी आले. कॅनॉपी पुढं उघडी ठेवलेलं विमान टेबलावर होतं. वाकून डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून.

‘शिडी कुठाय?’

‘कसली शिडी?’

‘अरे, उघडं ठेवलंयस म्हणजे पायलट चढणार. डाव्या अंगाला लावायची असते.’

शिडी डब्यात नाही. आता उरलेल्या रनरचे तुकडे मेणबत्तीवर ताणून तिचे दांडे करतोय. पायऱ्या किती, हे विचारायचं राहिलंय.