डब्यावरचं नाव

आज सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ढकलत नेताना झाकणावरची पुसट अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली. विकम डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या भागाची स्थानिक संस्था.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "ती कौन्सिल केव्हाच गेली. डबा तेवढा राहिला."

१९७४ पासूनची कौन्सिल. कचरा, बांधकाम परवानग्या तिच्याकडे; शाळा, रस्ते काउंटीकडे, म्हणजे तिच्या वरच्या, जिल्ह्यासारख्या संस्थेकडे. १ एप्रिल २०२० ला काउंटीतल्या चारही डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि काउंटी कौन्सिल मिळून एकच बकिंगहॅमशायर कौन्सिल झाली. लॉकडाऊन लागून जेमतेम नऊ दिवस झालेले. जुन्या कौन्सिलला निरोप द्यायला तरी कोण बाहेर पडणार होतं?

आपल्याकडे नुसत्या तालुक्याच्या विभाजनाची चर्चा निघाली तरी गाव पेटतं. इथे शेहेचाळीस वर्षांचं ऑफिस गुपचूप मिटलं, याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी रिकामा डबा आत घेताना ओल्या फडक्याने ती अक्षरं पुसून स्वच्छ केली.

तुमच्या दारात आहे का असं एखादं जुनं नाव?