पत्ता आपला, टपाल दुसऱ्याकडे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथे महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच: फुकटच्या मेलवर भरवसा नाही, मग पैसे भरून प्रोटॉनसारखी खासगीपणा जपणारी मेल सेवा घ्यावी, की सरळ स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे मेल घेणारं-पाठवणारं मशिन, उभा करावा?

स्वतःचा सर्व्हर मी पावणेदोन वर्षं चालवलाय. लोकांना धास्ती असते लाइटची. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, तर आलेले मेल हरवतील का? सहसा नाही. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हे मेल सर्व्हरचे प्रोग्राम बसवायलाही एक रविवार पुरतो.

खरी अडचण मेल पाठवताना येते. घरच्या ब्रॉडबँडवर 25 नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, बहुतेकदा बंदच असतं, कारण व्हायरस लागलेली घरोघरची मशिनं तिथूनच स्पॅम सोडतात. म्हणून मी भाड्याचा सर्व्हर घेतला. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, रिव्हर्स डीएनएस, म्हणजे मेल खरा आहे हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या नोंदी, सगळं काटेकोर बसवलं. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू यांत फार कडक झालेत, पण माझ्याकडे काहीच कमी नव्हतं.

एका कारखानदार मित्राचा मेल माझ्या सर्व्हरवर होता. टेरी टॉवेलच्या सॅम्पलचा भाव त्याने बाहेरदेशीच्या ग्राहकाला कळवला. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, 250 हा आकडा दिसला, म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल घेतला. आठवडा गेला तरी उत्तर नाही. शेवटी फोन केला, तेव्हा मेल स्पॅममध्ये सापडला. तोवर ऑर्डर दुसरीकडे गेली होती. माझ्या सर्व्हरच्या शेजारच्या आयपींवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या मशिनांच्या नंबरांवरून, कुणीतरी स्पॅम पाठवत होतं आणि त्या अख्ख्या पट्ट्याची पत गेली होती. मित्र मला एका शब्दाने बोलला नाही, चहा मागवला. त्याच रात्री मी त्याचा मेल हलवला. दुसऱ्याच्या धंद्याचा मेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा नाही, हे माझं तेव्हापासून पक्कं आहे.

आता खासगीपणाचं. सर्व्हर तुमचा असला तरी समोरचा माणूस जीमेलवर असेल, तर मेलची प्रत गूगलकडे जातेच. प्रोटॉन ते प्रोटॉन मेल मधल्या कुणाला वाचता येत नाही, पण तिथून जीमेलला गेलेला साधा मेल तिथे उघडाच पोचतो. 2021 मध्ये स्वित्झर्लंडच्या कायदेशीर आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला. मेलमधला मजकूर मात्र कंपनीलाच वाचता येत नव्हता, त्यामुळे तो देताही आला नाही. मला हे पुरेसं वाटतं.

तर माझं उत्तर असं: मेल चालवायला खासगी सेवा घ्या, पण डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, स्वतःच्या नावावर घ्या आणि त्याचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ती नोंद, त्या सेवेकडे वळवा. उद्या सेवा महागली तर रेकॉर्ड बदलायचा, छापलेल्या कार्डावरचा पत्ता तोच राहतो. जुने मेल उतरवून घ्यायची सोय आधी बघा. प्रोटॉनला त्यासाठी ब्रिज किंवा एक्सपोर्ट टूल नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो, आणि टूटा या तशाच दुसऱ्या सेवेत आयमॅप, म्हणजे बाहेरच्या प्रोग्राममधून मेल बघायची-उतरवायची नेहमीची सोय, नाहीच.

आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा, शेताचा सातबारा बघता तसं. वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्याच नावावर घेतलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. माझ्या त्या मित्राचंही तसंच होतं, ते सोडवून घ्यायला दोन महिने गेले. आता त्या डोमेनची मुदत जानेवारीत, ऐन सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत संपते. कारखान्यातल्या कॅलेंडरवर त्याने त्या तारखेला लाल गोल केलाय, आणि आदल्या आठवड्यात मीही आठवणीने फोन करतो.